शिष्यवृत्तीच्या कागदांची तयारी बारावीच्या वर्गातच करून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. शिक्षण दहावीपर्यंत झालं आहे. आमचे मालक हंगामात जिनिंगवर कामाला जातात आणि अडीच एकर कोरडवाहू कापूस आहे. थोरली मुलगी गेल्या वर्षी जळगावला इंजिनिअरिंगला लागली, धाकटा नववीत आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली. त्यामुळे शिष्यवृत्तीचा फॉर्म म्हणजे काय, तो कुठे भरतात, त्याला काय काय लागतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. जे शिकलो ते धक्के खाऊन शिकलो. आता पुन्हा बारावीचा निकाल तोंडावर आला आहे आणि गावोगावची मुलं त्याच रांगेत उभी राहणार आहेत, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबलं आहे. जमेल तेवढं छापा, पण मधली कागदपत्रांची हकिगत कापू नका, एवढी विनंती.

कॅपच्या, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत मुलीचा नंबर लागला. प्रवेश निश्चित करायला आम्ही तिघं सकाळच्या एसटीने जळगावला गेलो. माझ्या पिशवीत अकरा हजार रुपये होते, त्यातले सहा भिशीचे. ऑफिसबाहेरच्या फलकावर वर्षाच्या फीचा तक्ता लावलेला होता. शेवटच्या रकान्यात नव्वद हजारांच्या पुढचा आकडा. मालकांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता मुलीच्या हातातली फाइल घेतली आणि म्हणाले, "चला, बारा वाजेची गाडी सापडेल."

आम्ही फाटकापर्यंत आलोही होतो. तिथे पारोळ्याकडचे एक गृहस्थ झाडाखाली डबा खात बसले होते. त्यांची मुलगी त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. त्यांनी सहज विचारलं, ॲडमिशन झालं का म्हणून. मालकांनी नुसती मान हलवली. ते हात धुऊन उठले, फाइल मागून घेतली, जातीचा दाखला आणि कॅपचं पत्र बघितलं आणि म्हणाले, "दादा, मुलगी आहे, ओबीसी आहे, कॅपमधून आली आहे. तो फलकावरचा आकडा तुमचा नाहीच."

त्या माणसाचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. त्या दिवशी तो तिथे डबा खात बसला नसता तर माझी मुलगी आज माझ्या शेजारी बसून काज-बटण करत असती. हे मी उगाच म्हणत नाही. तसं झालेली एक मुलगी आमच्याच गल्लीत आहे. तिचं पुढे लिहिते.

आकडा आमचा का नव्हता, ते मी नंतर नीट समजून घेतलं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. आधी ही सवलत निम्मीच होती. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं तर ती मिळत नाही. ओबीसी मुलांना अजून निम्मीच आहे. हे सगळं सरकारने केलेलं आहे आणि चांगलं केलेलं आहे. माझ्यासारखीच्या मुलीला ते मिळालं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

पण दोन गोष्टी आम्हाला कुणी आधी सांगितल्या नाहीत. पहिली म्हणजे माफी फक्त शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ हे आपल्यालाच भरायचं. "मुलींचं शिक्षण मोफत" एवढंच ऐकून आलेल्या आई-बापांचे पाय खिडकीवर लटपटतात ते ह्याच्यामुळे. आम्हाला पहिल्या महिन्यात एकूण चोवीस हजार लागले. अकरा जवळ होते, बाकीचे बचत गटातून उचलले. दुसरी गोष्ट म्हणजे माफी आपोआप होत नाही. महाडीबीटी ह्या सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि तोही दरवर्षी. पहिल्या वर्षी केला म्हणून दुसऱ्या वर्षी सुटका नाही.

आता कागद. ज्यांना ही वाट माहीत आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रत्येक कागदामागे एक चक्कर असते, आणि प्रत्येक चकरेमागे एक बुडालेला रोज. जून महिना माझ्या धंद्याचा. पंधरा जूनला शाळा उघडतात, त्याआधी गणवेशाच्या ऑर्डरी पुऱ्या कराव्या लागतात. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा मी त्या चार आठवड्यांत कमावते. आणि नेमक्या त्याच चार आठवड्यांत सगळ्या जिल्ह्याची पोरं दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या दारात उभी असतात.

उत्पन्नाचा दाखला काढायला गेले तर खिडकीवरच्या मुलाने विचारलं, "एका वर्षाचा की तीन वर्षांचा?" मला ठाऊक नव्हतं. मागे रांग होती. मी म्हटलं एका वर्षाचा. दाखला मिळाला. मग नॉन-क्रीमीलेअरच्या, म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात नसल्याच्या, दाखल्यासाठी गेले तर त्याला तीन वर्षांचा लागतो असं कळलं. म्हणजे पुन्हा तलाठी आप्पांचा अहवाल, पुन्हा रेशन कार्ड, सात-बारा, आठ-अ, पुन्हा सेतू. एका शब्दाच्या अडाणीपणाने नऊ दिवस गेले. कुणीतरी आधी "तीन वर्षांचा काढा, दोन्हीकडे चालेल" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

तलाठी आप्पांवर माझा राग नाही. त्यांच्याकडे तीन गावं आहेत. पण २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत ठरवून दिली आहे, हे मला माहीत असतं तर मी मे महिन्यातच अर्ज टाकून मोकळी झाले असते आणि पावती जपून ठेवली असती. ज्यांचे दाखले अजून काढायचे आहेत त्यांना सांगते, एप्रिल लागला की लगेच काढा. जुना दाखला ३१ मार्चला संपतो.

जात वैधतेच्या, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या प्रमाणपत्राच्या, बाबतीत मात्र आमचं नशीब चांगलं होतं. नशीब म्हणजे एक सर. मुलगी अकरावीत असताना तिच्या ज्युनिअर कॉलेजमधल्या एका सरांनी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं की ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तर घरात आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधायला लागा. त्यांना हे कुणी करायला सांगितलं नव्हतं, तो त्यांचा विषयही नव्हता.

माझे सासरे वारले त्याला सहा वर्षं झाली. घरात त्यांचा एकही कागद नव्हता. आम्ही गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाई तरुण होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि खालच्या खणातून जनरल रजिस्टर काढलं. पुठ्ठा निघालेला, शिवण सुटलेली, कडेने कसर लागलेली. बाईंनी पानं उलटताना फुटपट्टी खाली धरली होती, पान तुटू नये म्हणून. दीड तास आम्ही नावं वाचत होतो. निम्मं गाव त्यात होतं. मग १९५६ च्या पानावर सासऱ्यांचं नाव सापडलं. निळ्याकाळ्या शाईत, वळणदार अक्षरात, नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याचं कारण म्हणून, एकच शब्द लिहिलेला होता: शेतकाम.

मुलगी ते वाचून बराच वेळ काही बोलली नाही. घरी आलो तर सासूबाई ओट्यावर वाटच बघत होत्या. "कागद सापडना का वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सापडला. त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी तो उतारा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि डोक्याला लावला.

हा उतारा अकरावीत हातात आला म्हणून वैधता प्रमाणपत्र बारावीच्या परीक्षेआधी मिळालं. ज्यांनी निकालानंतर अर्ज केले त्या मुलांची जात पडताळणी समितीच्या दारातली धावपळ मी डोळ्यांनी बघितली आहे. फरक हुशारीचा नव्हता. आमच्याकडे ते एक सर होते, एवढाच फरक.

आधारचं दुखणं वेगळं. मुलीचं आधार ती पहिलीत असताना शाळेत काढलेलं. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे असतात, ते दिले नव्हते. त्याला जोडलेला मोबाइल नंबर मालकांच्या एका जुन्या सिमचा, जे कधीच बंद झालं होतं. आणि महाडीबीटीवर तर पहिलं पाऊलच ओटीपीचं. ओटीपी बंद सिमवर गेला की पुढचं दार उघडतच नाही. शिवाय मालकांच्या नावापुढे रेशन कार्डावर "भाऊ" चिकटलेला, सात-बारावर नाही, मुलीच्या मार्कशीटवर बापाचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. आपल्या खान्देशात भाऊ, आप्पा, नाना ही आदराची हाक सरळ कागदावर चढते आणि मग ती उतरवता उतरवता नाकी नऊ येतात. आधार केंद्रावर दोन वेळा टोकन घेऊन परत आले, तिसऱ्या वेळी काम झालं.

एवढं सगळं जमवून सप्टेंबरात आम्ही एका सायबर कॅफेवर फॉर्म भरायला गेलो. तिथे मी सगळ्यात मोठी चूक केली आणि ती मी उघड सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणी करू नये. कॅफेवाल्याने भराभर फॉर्म भरला, दोनशे रुपये घेतले आणि एक प्रिंट हातात दिली. त्याने पोर्टलवर मोबाइल नंबर स्वतःचा टाकला होता. पासवर्ड त्याच्याच वहीत. मुलगी वसतिगृहात राहते, तर तिथेही त्याने "नाही" केलं होतं. कागद त्याने मोबाइलने फोटो काढून चढवले. आम्हाला वाटलं काम झालं. प्रिंट फाइलला लावली, कॉलेजात जमा केली आणि निर्धास्त झालो.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा तिच्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा अर्ज मंजूर झाला होता. तुझा झाला का, तिने विचारलं. माझी मुलगी कॅफेवर गेली, पासवर्ड मागून घेतला, बघितलं, तर अर्ज तीन आठवड्यांपूर्वीच "सेंड बॅक" झालेला. निरोप कॅफेवाल्याच्या मोबाइलवर आला असणार, आणि त्याच्याकडे असे किती अर्ज.

कारण इंग्रजीत तीन शब्दांत लिहिलेलं होतं: डॉक्युमेंट नॉट क्लिअर. कागद स्पष्ट नाही. पण कोणता? आम्ही आठ कागद जोडले होते. कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर फोन लावला, लागला नाही. सुट्टी संपल्यावर मुलगी गेली तर तिथल्या कारकुनांनी सांगितलं, पोर्टलवर लिहिलं आहे ते बघ. त्यांनाही मी दोष देत नाही. तो माणूस एकटा सगळ्या वर्षांचे, सगळ्या शाखांचे अर्ज तपासतो. पण ज्याने अर्ज परत पाठवला त्याने "उत्पन्नाचा दाखला, सही दिसत नाही" इतकं लिहिलं असतं तर आमचे तीन आठवडे आणि तिच्या दोन चकरा वाचल्या असत्या.

त्यानंतर मी ठरवलं, आता फॉर्म घरीच भरायचा. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर पायमशीन बाजूला सरकवलं आणि कापड बेतायच्या पाटावर खाकी कागद पसरला, ज्यावर मी ब्लाउजची मापं काढते तोच. खडूने एकेक रकाना आखला. डाव्या बाजूला पोर्टल काय विचारतं ते, उजव्या बाजूला आमचं उत्तर, आणि तिसऱ्या रकान्यात त्याला कोणता कागद. मुलगी मोबाइलवर वाचायची, मी लिहायची. कॅपचा ॲप्लिकेशन आयडी. दहावी-बारावीचे सीट नंबर. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा बारकोडचा आकडा, जो मी चष्मा लावून दोनदा वाचून दाखवला. घरात खाली रेंज येत नाही, म्हणून ओटीपीसाठी मुलगी दर वेळी घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, पळत जायची आणि तिथून आकडे ओरडून सांगायची. दोनदा ओटीपी येईपर्यंत पान बंद पडलं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

कागद चढवताना कळलं की गोम कुठे होती. प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवावा लागतो. कॅफेवाल्याने झेरॉक्सचा फोटो काढून तो दाबून दाबून छोटा केला होता, त्यात तहसीलदारांची सही आणि तारीख काळी पडली होती. खरं तर आपले सरकारच्या पोर्टलवरून दाखल्याची मूळ प्रत पीडीएफमध्ये तशीच उतरवून घेता येते. फोटो काढायची गरजच नाही. हे आम्हाला त्या रात्री साडेअकराला सापडलं. मुलीने ती प्रत उतरवली, चढवली, मोठी करून बघितली. सही लख्ख दिसत होती. आधारच्या ओटीपीने पासवर्ड बदलला, मोबाइल नंबर तिचा टाकला, वसतिगृहाचं "हो" केलं आणि अर्ज पुन्हा पाठवला. मुदत वाढलेली होती म्हणून बसला. जानेवारीत मंजूर झाला.

तो खाकी कागद मी गुंडाळून ठेवला आहे. गावातल्या चार जणी तो मागून नेऊन उतरवून गेल्या.

बँकेचं एक सांगायचं राहिलं. विद्यार्थ्याच्या नावावर जी रक्कम येते ती खाते क्रमांक बघून येत नाही, आधार बघून येते. आणि आधार ज्या बँकेला सगळ्यात शेवटी जोडला त्या बँकेत जाते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने सिम घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून अंगठा दिला होता, त्यात एक मोबाइलवरचं खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडे जोडला गेला. तो वर्षभर भलत्याच बँकेचं पासबुक भरून बघत होता आणि पैसे आलेच नाहीत म्हणत होता. आधारच्या संकेतस्थळावर आपला आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे ते बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. अर्ज भरण्याआधी ते करा.

आता माझं मागणं. ते फार मोठं नाही.

आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी सांगतात, यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी सवलत, म्हणजे गरीब घरच्या मुलांना फी माफी, सुरू झाली तेव्हा फॉर्म साधा होता आणि हेडमास्तर पोरांना वर्गात बसवून तो भरून घ्यायचे. बापाने फक्त सही नाहीतर अंगठा द्यायचा. आज फॉर्म मोबाइलवर आला, योजना वाढल्या, पैसेही वाढले, पण वर्गात बसवून भरून घेणारा माणूस मधून निघून गेला. बारावीपर्यंतचं ज्युनिअर कॉलेज म्हणतं, तो पुढच्या कॉलेजचा विषय. पुढचं कॉलेज म्हणतं, कागद घेऊनच या. मधल्या दोन-तीन महिन्यांत मूल कुणाचंच नसतं. आणि सगळे कागद नेमके त्याच महिन्यांत काढायचे असतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे काम बारावीच्या वर्गातच व्हावं, आणि ते एखाद्या चांगल्या सरांच्या मनावर राहू नये. दिवाळीची सुट्टी संपली की प्रत्येक ज्युनिअर कॉलेजने दोन तास फक्त ह्यासाठी द्यावेत. प्रत्येक मुलाने आपलं आधार, मोबाइल नंबर, बँक, बापाच्या नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर ताडून बघावं. जिथे फरक आहे तो परीक्षेआधी दुरुस्त करायला घ्यावा. महसूल खातं महाराजस्व अभियानात गावोगाव दाखल्यांची शिबिरं घेतं, ती मी बघितली आहेत आणि तिथे कामं होतात. त्यातलं एक शिबिर तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात घ्यावं. वैधतेचे आणि आधारचे अर्ज डिसेंबरात, उत्पन्नाचे एप्रिल लागताच. तलाठी, सेतूवाला आणि आधारचं मशीन एका वर्गात, एका दिवसासाठी. जूनमधली रांग अर्ध्यावर येईल. मजुरी करणाऱ्या आई-बापांचे सहा-सात रोज वाचतील, आणि रोज बुडणं म्हणजे काय हे ज्याचा बुडतो त्यालाच कळतं. माझं तिकीट एसटीत अर्धं आहे म्हणून निदान जाण्यायेण्याचं निभलं.

कॉलेजांना एकच विनंती. फलकावर एकूण फी लिहिता, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना काढा. ओबीसी मुलीने आज किती भरायचे, एससी-एसटीच्या मुलाने किती, खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आतल्या मुलाने किती. आणि तो मराठीत लिहा. फळा तोच, खडू तोच. आणि पोर्टल चालवणाऱ्यांनी अर्ज परत पाठवताना कोणता कागद आणि त्यात काय चुकलं, एवढं मराठीत लिहायची सक्ती करावी.

शेजारच्या मुलीचं सांगते म्हटलं होतं. तिला बारावीत माझ्या मुलीपेक्षा जास्त मार्क होते, सीईटीलाही जास्त होते. तिचा नंबरही जळगावलाच लागला होता, दुसऱ्या कॉलेजात. तिचे वडील तिला घेऊन गेले, फलक वाचला, आणि बारा वाजेच्या गाडीने परत आले. फाटकावर कुणी डबा खात बसलेलं नव्हतं. आम्हाला हे कळलं तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. तिचे वडील वाईट नाहीत, मुलीला शिकवायचं नव्हतं असंही नाही. त्यांनी मला नंतर विचारलं, "ताई, मग तो आकडा लिहिला कशाला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती वर्षभर दुपारी माझ्याकडे तुरपाईला येते. हात चांगला आहे तिचा, टाका बारीक. पण ती सुई धरून बसली की मला तिच्याकडे बघवत नाही. यंदा तिने पुन्हा सीईटी दिली आहे. तिचं वैधता प्रमाणपत्र आलं, उत्पन्नाचा तीन वर्षांचा दाखला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काढला, नॉन-क्रीमीलेअरची पावती माझ्या मशीनच्या खणात आहे. आधारला मोबाइल नंबर जोडायचा तेवढा राहिला आहे. सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघी धरणगावला जाणार आहोत.

आपली,
एक पालक, ता. धरणगाव, जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये. पत्ता आपल्याकडे वेगळा दिला आहे.)